जाळीपासून लघुलेखनाच्या वहीपर्यंत : ब्रिटिश संसदेच्या पडद्यामागील समतेचा लढा

१/
२० मे १८६७. लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये जॉन स्टुअर्ट मिल स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडत आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत हेन्री फॉसेट हे अंध खासदार आहेत. फॉसेट यांची एकोणीस वर्षांची पत्नी मिलिसेंट वरच्या गॅलरीतून चर्चा ऐकते आहे. विवाहाला जेमतेम महिना झाला आहे. तिच्या आणि सभागृहाच्या मध्ये धातूची जाड जाळी आहे. दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली जाते.

२/
शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीतून चुकून उडालेल्या छऱ्यांनी १८५८ मध्ये फॉसेट यांची दृष्टी गेली. तरीही ते केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६५ मध्ये ब्रायटनमधून निवडून आले. परंतु संसदेचे सारे कामकाज कागदावर चाले. अहवाल, विधेयके, पत्रव्यवहार यांतले सर्व काही त्यांना कोणीतरी वाचून दाखवावे लागे आणि उत्तरे लिहून घ्यावी लागत. विवाहानंतर काही वर्षे हे काम प्रामुख्याने मिलिसेंटने केले. खासदाराचे डोळे आणि लेखणी झालेल्या या स्त्रीची जागा मात्र जाळीमागेच होती.

३/
हे फॉसेट आपल्याला परके नाहीत. हिंदुस्थानच्या तिजोरीची उधळपट्टी त्यांनी इतक्या चिकाटीने सभागृहात मांडली, की ‘हिंदुस्थानचे खासदार’ अशी त्यांची ओळख झाली. हिंदुस्थानच्या वित्तव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते सदस्य होते. १८७३ मध्ये याच समितीपुढे मुंबईचे दादाभाई नौरोजी आणि नौरोजी फर्दुनजी यांनी साक्ष दिली. फॉसेट यांच्या निवडणूक खर्चासाठी हिंदी नागरिकांनी वर्गणीही जमवली होती.

४/
संसदेचा इतिहास बहुधा भाषणांचा आणि मतदानाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु सभागृह चालते ते लिपिक, प्रतिवेदक, ग्रंथपाल, टंकलेखक, द्वारपाल, स्वयंपाकी आणि सफाई कामगार यांच्या बळावर. जी संस्था साऱ्या देशासाठी समतेचे कायदे करते, तिच्या स्वतःच्या नोकरवर्गात समता केव्हा आली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम त्या जाळीपाशीच जावे लागते.

५/
१७७८ मध्ये स्त्रियांना कॉमन्सच्या गॅलरीतून बाहेर काढण्यात आले. पुढे त्या छताच्या पोकळीत जाऊन, दिव्यांची उष्ण हवा बाहेर सोडणाऱ्या झरोक्याभोवती बसून, खालची भाषणे ऐकू लागल्या. १८३४ च्या आगीत ती वास्तू जळाली. नव्या सभागृहात स्त्रियांसाठी स्वतंत्र गॅलरी बांधली गेली, पण तिला जाळी बसवली. स्त्रिया दिसल्या तर सदस्यांचे लक्ष विचलित होईल, अशी सबब होती. विशेष म्हणजे, जाळीमागची ही जागा सभागृहाचा भागच मानली जात नसे. स्त्रिया तेथे बसत. पण नियमांच्या भाषेत त्या तेथे नसतच.

६/
२८ ऑक्टोबर १९०८ रोजी विमेन्स फ्रीडम लीगच्या म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स यांनी स्वतःला साखळदंडाने याच जाळीला जखडून घेतले आणि मताधिकाराच्या घोषणा दिल्या. कुलपे निघेनात. अखेर कर्मचाऱ्यांना जाळीचे तुकडेच उखडून, त्या दोघींसह बाहेर न्यावे लागले. ज्या जाळीने स्त्रियांना सभागृहापासून तोडले होते, तीच त्या दिवशी त्यांचे हत्यार झाली.

७/
ऑगस्ट १९१७ मध्ये जाळी काढून टाकण्याचा निर्णय झाला. १९१८ मध्ये तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि स्त्रियांना निवडणूक लढवण्याची मुभाही मिळाली. डिसेंबर १९१९ मध्ये नॅन्सी ॲस्टर यांनी सदस्य म्हणून आसन ग्रहण केले.

८/
त्याच १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन लंडनला पोहोचल्या. हिंदुस्थान सरकार विधेयकाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांनी हिंदी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली. संसदेने स्वतः निर्णय न घेता तो प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने ही अट हटवली. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या.

९/
सदस्यत्वाचे दार उघडले. नोकरीच्या दारांचे काय? संसदेच्या इमारतीत स्त्रिया पूर्वापार राबत होत्या. झाडलोट, स्वयंपाक आणि घरव्यवस्था त्यांच्याच हाती होती. १८९५ पासून मे ॲशवर्थ यांच्या संस्थेतील टंकलेखिका खासदारांचे मसुदे छापील अक्षरांत उतरवू लागल्या. पण हे काम बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेले होते. सभागृहाचा अधिकारी म्हणवून घेण्याचा मान त्यात नव्हता.

१०/
तो मान युद्धाच्या निकडीने मिळाला. तरुण पुरुष आघाडीवर गेल्याने मनुष्यबळ अपुरे पडू लागले. १९४० मध्ये के मिडविंटर कॉमन्सच्या पहिल्या स्त्री क्लार्क झाल्या. येथे ‘क्लार्क’ म्हणजे कारकून नव्हे. समितीचे कामकाज चालवणारा, नियमांचा सल्ला देणारा आणि अहवालाचा मसुदा करणारा तो जबाबदार अधिकारी. मिडविंटर यांच्याकडे राष्ट्रीय खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे काम होते.

११/
जानेवारी १९४४ मध्ये जीन विंडर कॉमन्सच्या ‘हॅन्सार्ड’मध्ये पहिल्या कायमस्वरूपी स्त्री प्रतिवेदक म्हणून रुजू झाल्या. हॅन्सार्ड म्हणजे सभागृहातील भाषणांचा अधिकृत वृत्तान्त. गॅलरीत बसून काही मिनिटांचे भाषण लघुलिपीत टिपायचे, लगेच बाहेर जाऊन त्याचा स्वच्छ मजकूर तयार करायचा आणि पुन्हा आपल्या पाळीसाठी परतायचे, अशी ही दमछाक करणारी कसबी कामगिरी. बॉम्बहल्ल्यात कॉमन्सचे सभागृह १९४१ मध्येच उद्ध्वस्त झाले होते. बैठका लॉर्ड्सच्या दालनात चालत.

१२/
विंडर यांच्या पतीचा युद्धात मृत्यू झाला होता. त्यांचे काम पुरुष सहकाऱ्यांइतकेच होते. पाळ्या तेवढ्याच, चुकीला वावही तेवढाच कमी. पगार मात्र कमी होता, कारण त्या स्त्री होत्या.

१३/
या प्रसंगाला इतिहासाची एक विलक्षण जोड आहे. विंडर रुजू झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ मार्च १९४४ रोजी, शिक्षिकांना समान वेतन देण्याची थेल्मा कॅझलेट-कीर यांची दुरुस्ती ११७ विरुद्ध ११६ अशा एका मताने मंजूर झाली. चर्चिल यांनी हा विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न केला आणि दोन दिवसांत निर्णय फिरवला गेला. समान वेतनावरील ही सारी वादावादी हॅन्सार्डमध्ये शब्दशः नोंदली गेली. ती नोंदवणाऱ्या विभागातील एकमेव स्त्री प्रतिवेदकाला समान वेतन नव्हते.

१४/
विंडर गप्प बसल्या नाहीत. वर्षानुवर्षे त्या वेतनाचा प्रश्न लावून धरत राहिल्या. खासदार आयरीन वॉर्ड यांनी त्यांचे प्रकरण हाती घेतले आणि सभागृहात त्याला वाचा फोडली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात विंडर यांना अखेर समान वेतन मिळाले. ब्रिटनच्या मुलकी सेवेत समान वेतन टप्प्याटप्प्याने आणण्याचा निर्णय १९५५ चा आणि समान वेतनाचा सर्वसाधारण कायदा १९७० चा. या सर्वांच्या आधी एका प्रतिवेदकाने आपल्यापुरती ही लढाई जिंकली होती.

१५/
आता लघुलेखनाच्या याच कौशल्याचे दुसरे रूप पाहू. १९६६ मध्ये निवडून आलेले मजूर पक्षाचे खासदार जॅक ॲशली यांची श्रवणशक्ती पुढच्याच वर्षी, कानावरील शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. ज्या सभागृहाचा व्यवहारच बोलण्या-ऐकण्यावर चालतो, तेथे बहिऱ्या माणसाने काय करावे? त्यांनी राजीनाम्याचाही विचार केला. पण ओठांच्या हालचाली वाचायला शिकून ते परतले आणि अपंगांच्या हक्कांचे संसदेतील खंदे पुरस्कर्ते ठरले.

१६/
ओठ वाचण्याला मर्यादा होत्या. मागून कोणी बोलले, एकदम गलका झाला, तर संदर्भ सुटे. १९७० च्या दशकात त्यांच्यासाठी पॅलनटाइप यंत्राची व्यवस्था झाली. प्रशिक्षित चालक ध्वन्यनुसार लघुलिपीत भाषण टंकित करी, संगणक त्याचे शब्दांत रूपांतर करी आणि ते शब्द ॲशली यांच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर उमटत. आज आपण पडद्याखाली सहज वाचतो त्या थेट मथळ्यांचे हे पूर्वरूप. सभागृहाचे शब्द टिपण्याची जी कला केवळ दप्तरासाठी होती, तीच येथे एका सदस्याला सभागृहात टिकवणारी ठरली.

१७/
पुढचे टप्पे झपाट्याने आले असे म्हणता येत नाही. १९८७ मध्ये डेव्हिड ब्लंकेट मार्गदर्शक श्वानासह सभागृहात आले. हॅन्सार्डच्या संपादकपदी पहिली स्त्री, लॉरेन सदरलँड, यायला २००५ उजाडले. २०१० मध्ये संसदेच्या आवारातील एका मद्यपानगृहाच्या जागी पाळणाघर सुरू झाले. लहान मूल असलेल्या आईने किंवा वडिलांनीही येथे काम करणे अपेक्षित आहे, हे या संस्थेने जागेच्या रूपाने मान्य केले ते तेव्हा.

१८/
भारतात प्रौढ स्त्री-पुरुषांना समान मताधिकार राज्यघटनेनेच दिला. त्यासाठी जाळी उखडावी लागली नाही. पण सचिवालयाच्या शिखरावर पोहोचण्याचा मार्ग येथेही लांबच होता. राज्यसभेला पहिल्या स्त्री महासचिव, व्ही. एस. रमादेवी, १९९३ मध्ये लाभल्या. लोकसभेला स्नेहलता श्रीवास्तव २०१७ मध्ये. हक्क कागदावर येणे आणि तो कचेरीत पोहोचणे, यांत दशकांचे अंतर पडू शकते.

१९/
एप्रिल २०१८ मध्ये लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये पहिल्यांदाच एका स्त्रीचा पुतळा उभा राहिला. तो मिलिसेंट फॉसेट यांचा. त्यांच्या डोळ्यांसमोरची ती जाळीही नष्ट झालेली नाही. ती आता संसदेच्या सेंट्रल लॉबीच्या खिडक्यांना बसवलेली आहे. जीन विंडर यांचा पुतळा कोठे नाही. पण १९४४ नंतरच्या हॅन्सार्डचे खंड उघडले, तर त्यातली कितीतरी पाने त्यांच्या हातची आहेत. त्यांवर त्यांची सही नाही. प्रतिवेदकाने सही करण्याची प्रथाच नव्हती.