तिकीट काढलं, तरी ६० युरो दंड! बर्लिनच्या मेट्रोत पाहुणे नेमके कुठे फसतात?

बर्लिनच्या मेट्रो स्टेशनात रस्त्यावरून जिना उतरलात की थेट प्लॅटफॉर्मच लागतो. मध्ये गेट नाही, कार्ड टेकवायची जागा नाही, बॅग तपासणारा गार्डही नाही. मुंबई, पुण्याच्या मेट्रोची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, इथे प्रवास फुकट आहे की काय?

फुकट अजिबात नाही. प्लॅटफॉर्मवर तिकिटाचं मशीन असतं. माणूस तिकीट काढतो, पाकिटात ठेवतो, गाडीत बसतो. दोन स्टेशनं गेली की शेजारी उभा असलेला जीन्स-जॅकेटमधला कुणीतरी ओळखपत्र काढतो आणि तिकीट मागतो. तिकीट उलटसुलट करून बघतो आणि सांगतो, ६० युरो. आपल्या पैशात सहा हजारांच्या वर.

तिकीट तर आहे, मग दंड कशाचा? तर तिकिटावर शिक्का नाही.

शिक्क्याचं एवढं काय?

मुंबईच्या लोकलमध्ये एकेकाळी कूपनं चालायची, ती ज्यांनी वापरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. कूपनांचं पुस्तक घेऊन ठेवायचं आणि प्रवासाच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये कूपन घालून पंच करायचं. त्यावर स्टेशन, तारीख, वेळ छापली जायची. पंच न केलेलं कूपन टीसीला दाखवून काही उपयोग नसायचा. बर्लिनचं कागदी तिकीट अगदी तसंच आहे.

मशीनमधून निघालेलं तिकीट हा नुसता विकत घेतलेला कागद असतो. ते आज वापरा, पुढच्या महिन्यात वापरा. त्याची मुदत सुरू होते ती शिक्का मारल्यावर. म्हणूनच बिनशिक्क्याचं तिकीट तपासनीसाच्या दृष्टीने तिकीटच नाही. ते चाललं असतं, तर एकच तिकीट खिशात ठेवून माणूस वर्षभर फिरला असता आणि तपासनीस दिसल्यावर तेवढं पुढे केलं असतं. शिक्का मारण्याला जर्मनमध्ये शब्द आहे ‘एंटवेर्टेन’. शब्दशः अर्थ, एखाद्या गोष्टीचं मोल काढून घेणं. शिक्का बसला की तो कागद पुन्हा वापरता येत नाही, म्हणून हा शब्द.

शिक्क्याची पेटी लाल किंवा पिवळी असते, साधारण छातीच्या उंचीवर. मेट्रो (यू-बान) आणि लोकल (एस-बान) या दोन्हींसाठी ती प्लॅटफॉर्मवर किंवा प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या वाटेवर असते, गाडीच्या आत नसते. ट्राम आणि बसमध्ये मात्र पेटी गाडीतच असते. गोंधळ इथेच होतो. सकाळी ट्राममध्ये आत चढून शिक्का मारलेला माणूस दुपारी मेट्रोतही आत चढतो आणि पेटी शोधत बसतो.

मोबाइल अ‍ॅपवर काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत चढायच्या आधी काढलेलं हवं. तपासनीस दिसल्यावर फोन काढून तिकीट घ्यायची आयडिया तिथेही जुनी आहे. तिकिटावर खरेदीची वेळ असते. फोनची बॅटरी संपली, तर त्या क्षणी तुम्ही विनातिकीटच.

आणखी एक भानगड म्हणजे हा नियम अख्ख्या जर्मनीत सारखा नाही. हॅम्बुर्ग किंवा फ्रँकफर्टमध्ये मशीनचं तिकीट वेळ छापूनच बाहेर येतं, तिथे वेगळा शिक्का लागत नाही. फ्रँकफर्टला दोन दिवस राहून बर्लिनला आलेला माणूस म्हणूनच सहज फसतो.

विमानतळाचा सापळा

शिक्का मारूनही दंड बसतो, तो झोनमुळे. बर्लिनचे ए, बी आणि सी असे तीन झोन आहेत. ए म्हणजे मधलं शहर, बी म्हणजे शहराच्या हद्दीपर्यंतचा भाग आणि सी म्हणजे हद्दीबाहेरचा पट्टा. फिरायला येणाऱ्याचं बहुतेक काम एबी तिकिटात भागतं. मशीनही तेच आधी दाखवतं आणि हाताला तीच सवय लागते.

पण २०२० मध्ये सुरू झालेला बर्लिनचा विमानतळ सी झोनमध्ये आहे. सान्ससूसी राजवाड्यामुळे ज्याची सहल ठरलेली असते, ते पॉट्सडॅमही सी मध्येच. तिथे जायला एबीसी तिकीट लागतं. २०२५ मध्ये एबीचं एकेरी तिकीट ३.८० युरोला होतं आणि एबीसीचं ४.७० युरोला. ९० सेंटच्या फरकासाठी ६० युरो जातात, तेही बहुधा परतीच्या दिवशी, हातात सामान आणि डोक्यात फ्लाइटची वेळ असताना. एबीचा दिवसाचा पास आधीच असेल तर अख्खं नवीन तिकीट घ्यायची गरज नाही. सी झोनपुरतं जोड तिकीट मिळतं. दर अधूनमधून वाढतात, त्यामुळे निघण्याआधी ताजा दर बघून घेणं बरं.

एकेरी तिकीट दोन तास चालतं. त्यात मेट्रो, लोकल, ट्राम, बस काहीही बदला, मध्ये उतरून कॉफी प्या. फक्त दिशा एकच हवी. दोन तास व्हायचेत म्हणून त्याच तिकिटावर परत येता येत नाही. दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या होणार असतील तर २४ तासांचं तिकीट परवडतं, आणि ते शिक्का मारल्यापासून पुढचे २४ तास चालतं. जवळच जायचं असेल तर ‘कुर्त्सश्ट्रेकं’ नावाचं स्वस्त तिकीट आहे. मेट्रो-लोकलचे तीन थांबे किंवा बस-ट्रामचे सहा. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, सायकलला मात्र वेगळं आहे.

तपासनीस ऐकून घेतो का?

फारसं नाही. ‘आम्ही पाहुणे आहोत, माहीत नव्हतं’ हे वाक्य त्याने दिवसभरात बऱ्याचदा ऐकलेलं असतं. तुमचा हेतू काय होता हे बघणं त्याचं काम नाही. तो ओळखपत्र मागतो, माहिती लिहून घेतो आणि दंडाचा कागद देतो. ओळख पटवता आली नाही तर पोलिसांना बोलावलं जाऊ शकतं. दंड चुकीचा वाटला तर नंतर लेखी तक्रार करता येते, गाडीत वाद घालून काही होत नाही. साध्या कपड्यातला माणूस दंड मागतोय म्हटल्यावर शंका येणारच. अशा वेळी त्याचं ओळखपत्र मागून बघावं, आणि कागद न देता कुणी नुसती रोख रक्कम मागत असेल तर देऊ नये.

स्वतःच्या नावाचा पास घरी राहिला असेल तर तो नंतर कार्यालयात दाखवून ६० ऐवजी ७ युरोवर सुटका होते. साध्या तिकिटाला ही सवलत नाही. त्यावर नाव नसतं, ते तुमचंच होतं हे कसं ठरवणार?

तिथे शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी पुढचं नीट वाचावं. हा दंड म्हणजे वाहतूक कंपनीने आकारलेलं जादा भाडं आहे. पण जाणूनबुजून विनातिकीट फिरणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. दंडसंहितेच्या कलम २६५अ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे कलम १९३५ चं, म्हणजे नाझी राजवटीतलं. पुन्हापुन्हा सापडणाऱ्यांवर खटले होतात, कोर्टाचा दंड भरता आला नाही की त्याऐवजी तुरुंगात दिवस काढावे लागतात. त्यात गरीब आणि बेघर लोकच जास्त अडकतात, अशी टीका बरीच वर्षं होते आहे. २०२१ पासून ‘फ्रायहाइट्सफोंड्स’ ही मोहीम देणग्या गोळा करून अशा कैद्यांचे दंड भरते आणि त्यांना सोडवते. हा गुन्हाच रद्द करा, अशी तिची मागणी आहे.

मग ‘जर्मनी तिकीट’ घ्यावं का?

दोन-तीन आठवडे अनेक शहरांत फिरायचं असेल तर जरूर. ‘डॉइचलांडटिकेट’ मे २०२३ मध्ये महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. झोनची कटकट संपते, शिक्क्याचीही. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत मात्र ते चालत नाही.

हे तिकीट कॅलेंडरच्या महिन्यावर चालतं, त्यामुळे २० तारखेला पोहोचणाऱ्याला फारसा फायदा नाही. शिवाय ते एकदाच घ्यायचं तिकीट नाही, सबस्क्रिप्शन आहे. बहुतेक ठिकाणी त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. तोपर्यंत तुम्ही पुण्याला परत आलेले असता.