झरा आटला तेव्हा...

मंडळी, ऑनलाइन खरेदीने बाजारपेठेतली दुकानं बसली, हे आपण रोज बोलतो. पण घरपोच माल पाठवण्यातच ज्यांची हयात गेली, त्या कंपन्यांतली माणसंही यात गेली. जर्मनीतल्या दोन कंपन्यांचा इतिहास बघा.

१९२७ साली गुस्ताव शिकेडान्झ यांनी फ्युर्थ शहरात ‘क्वेले’ सुरू केली. क्वेले म्हणजे झरा. घरी कॅटलॉग यायचा, त्यात बघून ऑर्डर पाठवायची, पार्सल दारात. आपल्या व्ही.पी.पी.ची थोरली बहीणच म्हणा ना! शेजारच्या न्यूरेम्बर्गमध्ये १९५६ साली अवाढव्य केंद्र उभं राहिलं. ऑर्डर नोंदवणारे, माल काढणारे, पार्सल बांधणारे, अशी हजारो घरं त्यावर चालली.

इंटरनेट आलं, गिऱ्हाईक तिकडे वळलं. क्वेलेनेही वेबसाइट काढली, पण जाडजूड कॅटलॉग काही सुटला नाही. जून २००९ मध्ये तिची मालक कंपनी आर्कान्डॉर दिवाळखोरीत गेली. केंद्र सरकार, बव्हेरिया आणि सॅक्सनी यांनी मिळून ५ कोटी युरोंचं कर्ज दिलं. हिवाळी कॅटलॉग निघाला. ऑक्टोबरात मात्र कंपनी गुंडाळायचं ठरलं. हजारो लोक घरी बसले. ‘क्वेले’ हे नाव हॅम्बर्गच्या ‘ओटो’ने विकत घेतलं. नावाला गिऱ्हाईक मिळालं, माणसांना कुठून मिळणार?

आता ओटोचं बघा. १९५० मधला तिचा पहिला कॅटलॉग १४ पानांचा, बुटांचे २८ जोड, प्रती फक्त ३००. ही कंपनी १९९५ पासूनच ऑनलाइन विकू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये तिने शेवटचा मोठा कॅटलॉग काढला. कंपनी तगली. पण २०२५ च्या सुरुवातीला तिनेही १३ पैकी ८ कॉल सेंटरं बंद करायचं जाहीर केलं. नोकऱ्या ४८०. कारण साधं, गिऱ्हाईक आता फोन करत नाही.

म्हणजे उशीर केला ती कंपनी बुडाली, वेळेत बदलली ती तरली. नोकरदार मात्र दोन्हीकडे गेला.

उद्या आपल्या तालुक्यात एखाद्या कंपनीचं गोदाम आलं, तर किती पोरांना काम मिळणार हे जरूर विचारा. सोबत हेही विचारा, की मशीन किंवा मोबाईलने ते काम खाल्लं तर या पोरांना दुसरं काम कोण शिकवणार, आणि तोवर त्यांची चूल कशी पेटणार? हे फीत कापायच्या दिवशीच विचारायचं असतं. टाळं लागल्यावर उत्तर द्यायला तिथे कुणी उरत नाही.