कायदा, बिडी आणि रोजगार

"लहान धंद्याला कायदा लावाल तर धंदा बुडेल आणि मजूर उपाशी मरेल," हा युक्तिवाद आम्ही संघटनेच्या कामात वरचेवर ऐकतो. तो नुसता झिडकारून भागत नाही. इतिहासाच्या कसोटीला लावला पाहिजे.

1881 चा पहिला कारखाना कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व निदान 100 माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. 1891 मध्ये ही संख्या 50 झाली, 1922 मध्ये 20. 1948 च्या कायद्याने ती यंत्रशक्ती असेल तेथे 10 व नसेल तेथे 20 केली. पण जेथे कायदा माणसे मोजतो, तेथे मालक माणसे वाटून टाकतो. बिडीच्या धंद्यात हे फारच सोपे. यंत्र लागत नाही. पाने, तंबाखू व दोरा ठेकेदारामार्फत घरोघर दिला की कारखाना कागदावर उरतच नाही. सट्टेदारांच्या हाताखाली बिड्या वळणारे लोक कारखाना कायद्याखाली 'कामगार' नव्हेत, असे 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

म्हणून 1966 चा बिडी व सिगार कामगार कायदा झाला. घरी बसून मालकाच्या बिड्या वळणारी बाईही त्याने कामगार मानली. 1968 मध्ये केरळ सरकार त्याच्या अंमलबजावणीस लागताच मंगळूरच्या बड्या मालकाने कण्णूरकडील काम बंद केले. सुमारे 12 हजार लोक बेकार झाले. शेजारच्या राज्यात अंमलबजावणी नव्हती, तिकडे काम वळवता येत होते.

म्हणजे मालकांचे भाकीत खरे ठरले काय? त्या महिन्यांपुरते, होय. ते आम्ही नाकारत नाही. परंतु 1969 मध्ये याच कामगारांनी सरकारच्या मदतीने दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभारली. तोच कायदा पाळून तिने पुढे हजारोंना काम दिले. तिला उतरती कळा लागली ती कितीतरी वर्षांनी, बिडीचा खपच घटल्यावर. दरम्यान 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1966 चा कायदा मुख्यत्वे वैध ठरवला होता.

तेव्हा धडा असा, की रोजगार पळतो तो अर्धवट कायद्यामुळे: एका राज्यात आहे, दुसऱ्यात नाही, विसाव्या माणसाला लागू, एकोणिसाव्याला नाही. 2020 च्या संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील हे आकडे पुन्हा 20 व 40 वर नेले आहेत. या वाढीव आकड्यांनी किती नवी कामे निर्माण होतात, हे मोजले पाहिजे; आणि किती माणसे कायद्याच्या छपराबाहेर गेली, हेही त्याच वहीत मांडले पाहिजे.