लांब पळावे की तुकड्यातुकड्याने?

पहाटे उजाडायच्या आत धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने निघालो, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. डाव्या-उजव्या हाताला शेते, गावाला टेकून किल्ल्याची टेकडी आणि महामार्गाच्या कडेने धापा टाकत पळणारी मुले-मुली. कुणाला पोलीस भरतीला उतरायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८०० मीटर. ज्या घरात पावसाच्या भरवशावरची दोन-चार एकर शेती आहे, त्या घराचे पुढचे गणित या पाच-सहा मिनिटांवर अवलंबून असते.

या मुलांत दोन पंथ आढळतात. एक पंथ म्हणतो, रोज आठ-दहा किलोमीटर पळा, दम आपोआप वाढेल. दुसरा म्हणतो, परीक्षा १६०० मीटरची आहे ना, मग रोज घड्याळ लावून १६०० मीटरच जीव तोडून पळा. काही जण मोबाइलवर पाहून ४०० मीटरचे राउंड मारतात. आणि मग शाळेतल्या सरांना किंवा बाईंना प्रश्न येतो, “सर, नेमकं कसं पळू?”

हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. त्यावर नामवंत प्रशिक्षक भांडले आहेत आणि शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्या आहेत. त्या भांडणाचा इतिहास पाहिला, तर आपल्यालाही उत्तर देणे सोपे जाईल.

घड्याळाआधीचे धावणे

सुरुवात आपल्याच मातीतून करू. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची मुले, अनवाणी, कुठलेही प्रशिक्षण न घेतलेली. तरीही त्यांच्या काही वेळा युरोपातल्या तरुणांच्या तोडीच्या आहेत, हे टाटांच्या लक्षात आले. या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे, ही कल्पना तिथून पुढे सरकली. त्या वेळची एक आठवण सांगितली जाते. १०० मीटर धावायला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागत असेल, असे विचारल्यावर संयोजकांपैकी एकाने अंदाज केला तो मिनिटांत. तिथे सेकंदाचाही हिशेब होतो, हे ऐकून ते थक्क झाले.

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ही शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा थोडी लांबच होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि ते १९वे आले. विजेता होता फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन, वेळ २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद. फरक अठरा मिनिटांचा.

आखीव प्रशिक्षणाशिवाय १९वा क्रमांक ही लहानसहान गोष्ट नव्हे. आयुष्यभराचे चालणे, पळणे, कष्ट यांनी माणूस कुठवर जातो, हे त्यातून दिसते. पण त्यापुढची अठरा मिनिटे कशी भरून काढायची? त्यासाठी मोजलेले मैदान आणि हातात घड्याळ लागते.

विश्रांतीचे शास्त्र

१९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांची जोडी जमली. धावण्याचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची आणि मग थांबायचे किंवा हळू चालायचे. नाडी १२०पर्यंत उतरली की पुढचा तुकडा. ९० सेकंदांत ती तेवढी उतरली नाही, तर तुकडा फार जोरात किंवा फार लांब झाला असे समजायचे. या पद्धतीला ‘इंटर्व्हल’ म्हणतात, ते मधल्या विरामामुळे. म्हणजे नाव धावण्याचे नाही, विश्रांतीचे आहे! आपली मुले नेमके हेच विसरतात.

गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून आधीचा विक्रम एका फटक्यात १.८ सेकंदांनी मोडला. हार्बिगचा विक्रम पुढे १६ वर्षे टिकला. हृदयाची वाढ विरामाच्या काळातच होते, असे राइंडेल यांचे म्हणणे होते. हे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले. पद्धत मात्र उपयोगी होतीच. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते. कृती बरोबर असते, कारण चुकीचे किंवा अर्धवट असते.

बुटांच्या कारखान्यातले दोघे

या पद्धतीला जगभर कीर्ती मिळवून दिली ती चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने. झ्लीन गावातल्या बाटाच्या बूट कारखान्यातला हा कामगार. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यापूर्वी तो मॅरेथॉन एकदाही धावला नव्हता. त्याच्या सरावाचा गाभा होता ४०० मीटरचे तुकडे आणि मध्ये २०० मीटर हळू धावणे. मग काय, जो तो ४०० मीटरचे तुकडे पळू लागला.

याला आव्हान दिले न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. तेही ऑकलंडमधल्या बूट कारखान्यात कामाला होते. त्यांनी स्वतःवरच अनेक वर्षे प्रयोग केले, आठवड्याचे अंतर कमी-जास्त करून पाहिले आणि सुमारे १६० किलोमीटरवर ते स्थिरावले. त्यांच्या परिसरातली मुले डोंगराळ रस्त्यांवर रविवारी ३५ किलोमीटर धावत. मॅरेथॉनवाल्यांनीच नव्हे, तर ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेलनेही! लोकांनी त्यांना वेड्यात काढले. पण २ सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅल्बर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत त्यांच्या बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळाले.

जगाचे दोन तट पडले. एका बाजूला इंटर्व्हल, दुसऱ्या बाजूला मैलांची बेरीज. पण आपण जरा वही-पेन्सिल घेऊन बसू. १९५४ साली झाटोपेकने काही दिवस सकाळी ५० आणि संध्याकाळी ५० असे ४०० मीटरचे १०० तुकडे पळून पाहिले. प्रत्येक तुकड्यामागे २०० मीटरचा हळू भाग धरला, तर एकूण अंतर किती? ६०० गुणिले १०० म्हणजे ६० किलोमीटर, एका दिवसात! म्हणजे इंटर्व्हलचा हा राजा मैलांचाही राजा होता. एवढे तुकडे पळायचे, तर ते जीव तोडून पळणे शक्यच नव्हते.

आता लिडियार्डकडे वळू. त्यांचे शिष्य वर्षातले काही महिने नुसते अंतर कापत. त्यानंतर मात्र काही आठवडे चढावर धावणे आणि मग शर्यती जवळ आल्या की मैदानावर वेगाचे तुकडे. मैलांचा पुरस्कर्ताही इंटर्व्हल सोडत नव्हता.

थोडक्यात, भांडले ते अनुयायी. गुरूच्या सरावातला नजरेत भरणारा भाग तेवढा त्यांनी उचलला.

शरीरात काय घडते?

१९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना सरकत्या पट्ट्यावर बारा आठवडे धावायला लावले. त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची, म्हणजे पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्यांची, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. दीर्घकाळ संथ धावण्याने हे घडते. शिवाय स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. हाडे आणि कंडरा हेही भार सोसायला शिकतात, पण सगळ्यांत सावकाश.

वेगाच्या तुकड्यांचे काम वेगळे आहे. २००७ साली नॉर्वेत यान हेल्गेरूड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एकूण श्रम सारखेच ठेवून काहींना सलग धावायला लावले, काहींना तुकड्यांनी. आठ आठवड्यांनी पाहिले, तर चार-चार मिनिटांचे वेगवान तुकडे पळणाऱ्यांची ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढली होती. सलग संथ धावणाऱ्यांची फारशी वाढली नव्हती. मग इंटर्व्हलवाले जिंकले का? तसे नाही. आठ आठवड्यांत जे मोजता येते, ते आठ आठवड्यांत वाढणारेच असते. वर्षानुवर्षे जे साठते, ते अशा प्रयोगात दिसत नाही. नॉर्वेतच काम करणाऱ्या स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांत साधारण ८० टक्के सराव संथ आणि २० टक्के जोराचा, असे प्रमाण पुन्हा पुन्हा आढळले.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. ठोके मारत गेले की तांबे कडक होते. तसेच ठोकत राहिले, तर चिरते. म्हणून कारागीर पत्रा मध्येच भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. रोज १६०० मीटर जीव तोडून पळणारा मुलगा भट्टी विसरलेला असतो. नडगीचे दुखणे आणि भरतीच्या तोंडावर घसरलेली वेळ हे त्याचे फळ.

मांडव्याचा धावपटू

बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जाई. ‘म्हणूनच तो मोठा धावपटू झाला’ असे म्हणणे सोपे आहे. पण शाळेसाठी एवढी पायपीट करणारी मुले आपल्याकडे हजारो आहेत. ती पायपीट हा पाया होता. त्यावर सैन्यातली शिस्त, जाणकार प्रशिक्षक आणि घड्याळावरचा सराव यांची इमारत उभी राहिली. २०१८ साली त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे २९.८० सेकंदांत मोडला. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याची वेळ होती ८ मिनिटे ९.९१ सेकंद. मधले वीस सेकंद कमवायला सहा वर्षे लागली. चौगुल्यांना न मिळालेल्या गोष्टी साबळेला मिळाल्या, एवढाच या शंभर वर्षांचा अर्थ.

वर्गातून मैदानाकडे

तर मग सोनगीरच्या मुलाला काय सांगायचे? १६०० मीटर धावताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण चार-पंचमांश ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने मिळते. म्हणून आधी दोन-तीन महिने पाया घालावा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथ गतीने पळावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. मग आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा तुकडे. लक्ष्य ५ मिनिटे २० सेकंदांचे असेल, तर ४०० मीटरचा तुकडा ८० सेकंदांत पळायचा. असे चार ते सहा तुकडे, प्रत्येकानंतर पुरेसा विराम. बाकीचे दिवस पुन्हा संथ पळणे आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सारा सराव उन्हे येण्याआधी उरकावा.

मैदान आखलेले नसेल, तर ३१.८ मीटर दोरी घ्या. मध्ये खुंटी ठोकून वर्तुळ काढा. परीघ २०० मीटर येतो. वर्तुळाचे सूत्र मुले पुन्हा विसरणार नाहीत.

आणि एक प्रयोग जरूर करा. दोन फेऱ्या पळून झाल्यावर लगेच, मग ३०, ६० आणि ९० सेकंदांनी नाडीचे ठोके दहा सेकंद मोजायचे, सहाने गुणायचे आणि आलेख काढायचा. सहा आठवड्यांनी त्याच वेगाने पळून पुन्हा आलेख काढायचा. सराव नीट झाला असेल, तर दुसरी रेघ लवकर खाली उतरेल. ‘सर, कसं पळू?’ या प्रश्नाचे उत्तर मग मुलाला स्वतःच्याच मनगटावर मोजता येईल.