जगतापांची गोष्ट आणि लोणारचा खड्डा

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. त्या नावाचा लेखक कुणी पाहिलेला नव्हता, कारण तो नव्हताच. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून हे नाव घेतलं होतं. हस्ताक्षरावरूनही कुणी ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी सगळी कथा आपल्या हाताने उतरवून काढली होती. बक्षीस मिळायचं तर गोष्टीला मिळावं, जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाला नको, एवढाच नारळीकरांचा आग्रह. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली आणि ज्या लेखनाकडे ‘पोरांचं वाचन’ म्हणून पाहिलं जाई, ते मोठ्यांच्या पंगतीत येऊन बसलं.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी मेहकर तालुक्यात झाली. ही हकीकत मी दर वर्षी वर्गात सांगत असे. अंतराळाच्या गोष्टी पुण्या-मुंबईकडचे लोक लिहितात, आपण नुसत्या वाचायच्या, असं आमच्या मुलांना वाटायचं. ते मला मुळीच मान्य नव्हतं, कारण अंतराळातून आलेला दगड पडला होता तो आमच्या दारात, लोणारला.

मराठीत अशा गोष्टी आल्या त्या बऱ्याच आधी. १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नवरून घेतलेली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः येत होती. नंतर भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, ‘नवल’ आणि ‘धनंजय’च्या दिवाळी अंकांनी वाचक धरून ठेवला, आणि नारळीकरांच्या बरोबरीने बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर लिहू लागले. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं, तेव्हा तो वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापत असे. पत्ते पाहून वाचक एकमेकांना लिहू लागले, गावोगाव मंडळं निघाली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. आमच्याकडे मंडळ नव्हतं. वाचनालयातला दिवाळी अंक होता, तो शिमग्यापर्यंत हातोहात फिरून पार खिळखिळा व्हायचा. कथेच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या जागेत कुणी पेन्सिलीने लिहिलेलं असे, ‘प्रकाशाच्या वेगाने यान जाऊच शकत नाही.’ त्याखाली दुसऱ्याचं अक्षर, ‘लेखकाने तसं म्हटलेलं नाही, पान पुन्हा वाचा.’ ग्रंथपाल चिडत. मला मात्र ती भांडणं कथेइतकीच आवडत, आणि आमच्या भागातल्या विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं मंडळ मी त्या कोऱ्या जागांनाच मानते.

आणि लोणार तर होतंच. या खड्ड्याची पहिली गोष्ट लोणासुराची. हा दैत्य जमिनीखाली लपून राही. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतलं, पायाच्या अंगठ्याने बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर नैऋत्येला जाऊन पडलं, तिथे टेकडी झाली. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच कथेचं. या कथेला भाकडकथा म्हणून उडवून लावणं मला कधी जमलं नाही. एवढ्या मोठ्या खड्ड्यातला माल कुठे तरी उडून पडला असणार, हा विचार तिच्यात आहे. कथा रचणाऱ्याने काठावर उभं राहून नीट पाहिलं होतं.

‘ऐन-ए-अकबरी’ला खड्ड्यापेक्षा उत्पन्नात रस. इथल्या खारापासून काच आणि साबण होतो, अशी नोंद त्यात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावरचा खार गोळा करण्याचा धंदा पुढेही बराच काळ चालला. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ ज्वालामुखीच धरून बसले. सगळं दख्खन लाव्हाचं, तेव्हा खड्डाही लाव्हाचाच, हा तर्क काही वेडगळ नव्हता. १९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डिट्झ यांनी उल्केची शक्यता मांडली. मग तळ्यात भोकं पाडून नमुने काढले गेले. गाळाखाली फुटून चुरा झालेला खडक मिळाला, आणि त्यात मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निबंध आला आणि वाद मिटला. नारळीकरांच्या बक्षिसाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा, दीडशे मीटरच्या आसपास खोल. धारेवरून मुलं खाली बघत आणि एकच प्रश्न ठरलेला, “मॅडम, थो दगड कुठी गेला मंग?” आघाताच्या उष्णतेत बहुतेक वितळून, वाफ होऊन गेला, एवढं मी सांगे, आणि पुढचं त्यांना लिहून आणायला लावी. अट एकच, कल्पना हवी तेवढी लांब न्या, पण आकडे खरे ठेवा. आकडेही बदलले. आधी आम्ही वय सुमारे ५२ हजार वर्षं शिकवत होतो. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. बदललेलं उत्तर मुलांना मी आनंदाने सांगितलं, आणि जुन्या गोष्टीत कुठे काय बदलावं लागेल ते त्यांनीच शोधून काढलं.

आता ही मुलं मोबाइलवर खेळतात आणि पालक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. त्यांना मी ‘स्पेसवॉर’ची हकीकत सांगते. १९६२ मध्ये एमआयटीतल्या स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ रचला. ही सगळी ई. ई. स्मिथच्या अंतराळकथा वाचणारी पोरं. पडद्यावर दोन यानं, मध्ये तारा, आणि ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण बरोबर मोजलेलं. संगणकावरच्या खेळांच्या अगदी सुरुवातीला विज्ञानकथेचे वाचक उभे आहेत.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा असाच एक गट आहे. रात्री एकत्र खेळतात, आणि नवरात्रातली तळ्याकाठच्या कमळजादेवीची यात्रा संपली की त्याच गटावर निरोप फिरतो, ‘उद्या सातला गोमुखापाशी, पोती घेऊन.’ तळ्याचा परिसर अभयारण्य आहे, म्हणून आधी वनखात्याची परवानगी काढतात, मग प्लास्टिक वेचतात, वेड्या बाभळीची रोपं उपटतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा दैत्याच्या रक्ताचे निरोप फोनवर धडाधड येऊ लागले. टाळेबंदीत बाहेर पडता येत नव्हतं, तरी या मुलांनी प्रत्येक निरोपाला उत्तर दिलं. पाणी घटलंय, खारटपणा वाढलाय, प्रयोगशाळेचा निकाल येऊ द्या. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं, मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा हा रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळ्याचं नाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत जाहीर झालं.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्या आठवड्यात गटाने त्यांच्या कथा मोठ्याने वाचल्या, प्रत्येकाने एकेक. आता शाळेतली पोरंही त्यात आली आहेत. आठवीतल्या एका मुलीने गोष्ट लिहिली आहे, लोणारचा गुलाबी सूक्ष्मजीव दगडाच्या भेगेत बसून मंगळाकडे निघतो. प्रवासाच्या काळाचा हिशेब तिचा चुकला होता. खेळणाऱ्या पोरांनी त्या रात्री खेळ बाजूला ठेवून तो तिच्याबरोबर पुन्हा मांडला, आणि आता सूक्ष्मजीवाला वाटेत काही लाख वर्षं झोपवायचं की नाही, यावर त्यांचं भांडण चाललं आहे.