बेंजो : वरातीतल्या वाद्याचा इतिहास

शाहिरीचा इतिहास लिहिताना आपण वाद्यांची नोंद सहसा डफ, तुणतुणे आणि ढोलकी येथवर आणून थांबवतो. अनंत फंदी (1744-1819) ज्या संगमनेरचे, ते संगमनेर असलेल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या पिढीच्या कानी पडलेले तंतुवाद्य मात्र तुणतुणे नव्हते. ते होते विजेवर वाजणारा बेंजो. टेम्पोवर जनरेटर, टपावर कर्णे, बाजूला ताशा आणि मध्ये मांडीवर वा घोडीवर आडवी ठेवलेली, बटणांची एक लांबट पेटी. महाराष्ट्राने आपलेसे केलेले इलेक्ट्रिक गिटार कोणते, असा प्रश्न कोणी केला, तर आम्ही या पेटीकडे बोट दाखवू.

नावापासूनच गोंधळ आहे. अमेरिकेतला बँजो हे कातडे ताणून मढवलेले वाद्य. आपल्या बेंजोला कातडे नाही आणि त्या वाद्याशी त्याचे कुळही जुळत नाही. त्याचा पूर्वज जपानी. नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी 1912 साली ‘ताइशोगोतो’ तयार केला. सम्राट ताइशो यांची कारकीर्द त्याच वर्षी सुरू झाली होती. तिचे नाव आणि ‘कोतो’ या जुन्या जपानी तंतुवाद्याचे नाव जोडून हे नाव सिद्ध झाले. बटणांची कल्पना टंकयंत्रावरून सुचलेली. डाव्या हाताने बटण दाबले की त्याखालची धातूची पट्टी तारेवर टेकते आणि पडद्याचे काम करते. उजव्या हातातील नखीने तार छेडायची. बोटांना तारेचे घट्टे पडत नाहीत, सूर चुकीच्या जागी दाबला जाण्याची भीती नाही. गुरूवाचून शिकता येईल असे हे वाद्य होते, आणि म्हणूनच ते समुद्रापार गेले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले, बालीत ‘पेंटिंग’, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘तारब’ संगीतात शिरले. भारतात दुकानदारांनी त्याला ‘बुलबुल तरंग’ असे गोड नाव दिले. रस्त्याने ते नाव स्वीकारले नाही.

विजेची जोड हा या इतिहासातला खरा मराठी अध्याय, असे आम्हांस वाटते. निदान आपल्याकडे त्याला जे वळण मिळाले ते मिरवणुकीच्या गरजेतून मिळाले. बुलबुल तरंगाचा मूळ आवाज खोलीपुरता. ढोल-ताशापुढे तो टिकणे शक्य नव्हते. पण तारा पोलादी असल्याने तिकडे अमेरिकेत 1930च्या दशकात गिटारला जो उपाय लाभला, तोच येथेही लागू पडला : तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजेच पिकअप. (ते पहिले व्यापारी इलेक्ट्रिक गिटारही मांडीवर आडवे ठेवूनच वाजवायचे होते, हा योगायोग गमतीचा आहे.) या उपायाचा एक लाभ सहज लक्षात येत नाही. साध्या बुलबुल तरंगात सुराबरोबर बटणांची खडखड ऐकू येते. चुंबकाला लाकडाचा आवाज फारसा कळत नाही, त्याला पोलादाचे कंपन तेवढे कळते. विजेमुळे वाद्य केवळ मोठे झाले नाही, स्वच्छही झाले.

मग सुरू झाल्या दुरुस्त्या आणि सुधारणा. किल्लीने पिळायच्या खुंट्यांच्या जागी गिटारचे दातेरी कान बसवणे. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरघर येते म्हणून दोन वेटोळ्यांचा घालणे, कारण उलट-सुलट गुंडाळलेली वेटोळी एकमेकांतली घरघर छेदतात. तारांची जाडी बदलणे. बटणांच्या स्प्रिंगा नरम करणे. गिटारवादकांची इको आणि डिस्टॉर्शनची पेटी मध्ये जोडणे. बेंजोवाल्यांच्या गप्पा ऐकाव्यात. त्यांत राग-तालाइतकीच चर्चा पिकअप आणि तारांची असते, आणि ती कोणत्याही देशातील गिटारवेड्यांच्या चर्चेइतकीच कडाक्याची असते.

आमचा आक्षेप आहे तो या ज्ञानाला कागद मिळाला नाही यावर. हार्मोनियमशी तुलना करून पाहा. तीही परदेशी, तीही बटणांची, म्हणजे पट्ट्यांची. पण ती संगीत नाटकातून आली, सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात बसली, आणि तिच्यावर वाद झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने खास श्रुति-हार्मोनियम घडवून घेतली. आजच्या भाषेत ती ‘कस्टम बिल्ड’च. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1970च्या दशकात सैल झाली. बेंजोवर अशी बंदी घालण्याची वेळच आली नाही, कारण तो दारातून आत शिरलाच नव्हता. त्याला विरोधक नव्हते म्हणून समर्थकही नव्हते. पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये फेरबदल करून मोहनवीणा घडवली आणि 1994 साली ग्रॅमी मिळवले. तेथे फेरबदलाला कर्ता होता, नाव होते. बेंजोचे फेरबदल करणारे हात दुरुस्तीच्या दुकानांत राहिले आणि त्यांच्या कामाला ‘रिपेरिंग’ एवढाच शब्द उरला.

रवी जाधव यांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट 2016 साली आला. विषय मुंबईतील बेंजोवादकाचा, भूमिका रितेश देशमुख यांची. त्यातही वादकाचा शोध घ्यायला न्यूयॉर्कहून कोणी यावे लागते! पटकथेची ही सोय आम्हांस खटकली. पण आपल्या समीक्षेने त्याआधी शंभर वर्षांत या वाद्यावर किती पाने खर्च केली हे आठवले, की दिग्दर्शकाला फार दोष देववत नाही.

पुढे डीजेच्या भिंती आल्या. एका माणसाच्या लॅपटॉपपुढे सात-आठ जणांची बेंजो पार्टी महाग ठरू लागली. अशा पार्ट्या आजही आहेत, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना लोकवाङ्मयाचा प्रकल्प हवाच असेल तर त्यांनी वही घेऊन तेथे जावे. कोणती गाणी वाजवता, हे नंतर विचारावे. आधी पेटीचे झाकण उघडायला सांगावे, आत काय काय बदलले आणि ते कोणी बदलले, ते नावानिशी लिहून घ्यावे.