शिक्षिकेची आजारपणाची रजा: पुण्याच्या पेठांतील शाळा, १८४८ ते १८८२

१० ऑक्टोबर १८५६ या तारखेचे, नायगावहून पुण्याला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. लिहिणारी शिक्षिका पंचवीस वर्षांची. आजारपणामुळे ती माहेरी आलेली होती. भावाने केलेली शुश्रूषा, आता पडलेला आराम, पूर्ण बरे वाटताच पुण्यास परतण्याचा बेत, हा मजकूर कोणाही माहेरवाशिणीच्या पत्रात शोभावा असाच आहे. त्यातच एक निराळी काळजी डोकावते. आपण तेथे नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, असे ती लिहिते. आणि फातिमा कुरकुर करणार नाही, हेही लगेच जोडते.

पत्र सावित्रीबाई फुले यांचे, जोतीरावांना लिहिलेले. फातिमा म्हणजे फातिमा शेख. एक शिक्षिका रजेवर गेली की तिचे वर्ग दुसरीच्या अंगावर पडतात, ही शाळेच्या कारभारातील अगदी साधी गोष्ट या दोन वाक्यांत आहे. फातिमाबाईंच्या कामाविषयी समकालीन पुरावा फार तुटपुंजा असल्याने अभ्यासकांच्या दृष्टीने या उल्लेखाचे मोल मोठे. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यातून दिसणारे शाळेचे रूप: माणसे मोजकी, बदली शिक्षक नाही, आणि एकीचे आजारपण म्हणजे दुसरीची दुप्पट मेहनत.

सावित्रीबाईंची कथा बहुधा शेण, दगड आणि दुसऱ्या लुगड्याच्या आठवणीपाशी सुरू होते व तेथेच संपते. त्या आठवणी खोट्या ठरवण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे त्या शाळेच्या दारापर्यंत पोहोचतात आणि आपण तेथूनच परत फिरतो. दाराच्या आत काय चालले होते? पगार कोण देत होते, मुली टिकत होत्या का, परीक्षा कोण घेत होते, शाळा बंद का पडत होत्या? या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी उपलब्ध आहेत आणि ती एका अननुभवी शिक्षिकेच्या घडण्याची कथा सांगतात.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. विवाह १८४० मधला. लग्नाच्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. पहिले धडे जोतीरावांनी दिले. पुढचा अभ्यास सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी करून घेतला. म्हणजे स्वतःचे शिक्षण पुरते होण्याआधीच त्यांच्यावर इतरांना शिकवण्याची जबाबदारी आली. आज ज्याला अध्यापनाचे प्रशिक्षण म्हणतात त्याची सोय हिंदू घरातील स्त्रीसाठी पुण्यात जवळजवळ नव्हतीच. पाहण्यासारखा नमुना होता तो अहमदनगरात. तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवीत. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या होत्या आणि तेव्हापासून हेच काम करीत होत्या. जोतीरावांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि परतल्यावर पुण्यात शाळा काढली.

जागेचाही विचार करायला हवा. पुणे असो वा सोलापूर, वारांची नावे मिरवणाऱ्या पेठा म्हणजे शहराचे जुने पोट: अरुंद बोळ, एकमेकांना टेकलेली घरे, आणि कोण कोणाच्या दारात शिरले याची संध्याकाळपर्यंत सर्वत्र पोहोचलेली वार्ता. (सोलापूरकरांना शुक्रवार पेठेवरून याची कल्पना सहज यावी.) अशा वस्तीत शाळा काढणे म्हणजे रोज शेकडो डोळ्यांपुढे शाळा चालवणे. मुलगी शाळेत जाते ही गोष्ट एका घरापुरती राहूच शकत नव्हती. पालकांच्या मनात शिक्षणाविषयी ओढ असली तरी शेजाऱ्यांच्या तोंडाला कोण लागणार?

ही पहिली शाळा फार काळ चालली नाही. वडिलांनी, गोविंदरावांनी, समाजाच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला १८४९ मध्ये घराबाहेर काढले. गंज पेठेत उस्मान शेख यांच्याकडे त्यांना आसरा मिळाला. शाळेत खंड पडला. आपल्या सार्वजनिक स्मृतीत १८४८ नंतर एकदम विजयच दिसतो. मधला हा खंड कोणी फारसा सांगत नाही. वास्तविक सावित्रीबाईंच्या आयुष्यातील पहिला व्यावसायिक अनुभव बंद पडलेल्या शाळेचा होता.

दुसरा प्रयत्न अधिक शहाणपणाने झाला. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. पहिल्या दिवशी मुली आठ. काही काळातच संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी शाळा आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ.

या वेळी पाठीशी मंडळी होती. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, परांजपे, भवाळकर, चिपळूणकर यांच्यासारख्या मित्रांची कार्यकारी समिती नेमली गेली. त्यातील बहुतेक जण ब्राह्मण होते. विरोध करणारेही बहुतांशी ब्राह्मण आणि साथ देणारेही ब्राह्मणच, हा त्या काळच्या पुण्याचा गुंता एका ओळीच्या घोषणेत मावत नाही. बुधवार पेठेच्या शाळेत सावित्रीबाई मुख्य शिक्षिका झाल्या. विष्णुपंत मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर हे त्यांचे सहायक शिक्षक. वीस वर्षांच्या माळी समाजातील स्त्रीच्या हाताखाली दोन पुरुष शिक्षक, हे १८५१ चे पुणे! दगड मारणाऱ्यांना नेमके काय खुपले असेल याचे एक उत्तर या हजेरीपटातही सापडते.

मुख्य शिक्षिका असूनही सावित्रीबाई वेतन घेत नसत. समितीच्या अहवालात त्यांच्या या विनावेतन सेवेचा गौरव आहे. गौरव योग्यच, पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जी शाळा आपल्या मुख्य शिक्षिकेला पगार देत नाही, ती एका कुटुंबाच्या त्यागावर उभी असते आणि त्या कुटुंबाची ओढाताण वाढली की तीही डगमगते.

पैशाचा प्रश्न सरकारी मदतीने थोडा हलका झाला. दक्षिणा प्राइझ फंडातून मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मिळू लागले. दक्षिणा ही मुळात पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी देणगी. इंग्रजी अमलात ती आधी चालू राहिली, मग तिला कात्री लागली आणि तिचा काही भाग ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला गेला. त्या फंडातील रक्कम आता फुल्यांच्या शाळांकडे येत होती. पर्वतीच्या पायथ्याशी दक्षिणेसाठी भरणारा रमणा ज्यांनी पाहिला होता, अशी म्हातारी माणसे तेव्हा पुण्यात हयात होती.

परीक्षा हे त्या शाळांचे सर्वांत कठीण प्रसंग. आज शाळेला भेट देणारा अधिकारी वह्या चाळून निघून जातो. तेव्हा परीक्षा जाहीर असे. १७ फेब्रुवारी १८५२ रोजी अशी पहिली परीक्षा झाली. शहरातील प्रतिष्ठित, साहेब लोक आणि कुतूहलापोटी आलेले बघे यांच्यासमोर मुलींना वाचायचे, हिशेब करायचे, विचारल्या प्रश्नाची उत्तरे द्यायची. एखादी मुलगी अडखळली तर ते तिचे एकटीचे अपयश ठरत नसे. मुलींना विद्या येतच नाही, हा सिद्धान्त मांडायला लोक टपलेलेच होते. परीक्षा मुलींची आणि कसोटी त्यांच्या शिक्षिकेचीही. पुढच्या वर्षी, १२ फेब्रुवारी १८५३ रोजी, पूना कॉलेजच्या आवारात २३७ मुली परीक्षेला बसल्या आणि त्या पाहायला प्रचंड जमाव लोटला. दीड वर्षापूर्वीच्या आठ मुली आठवल्या म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

दरम्यान १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. त्याची वर्णने बरीच आहेत, म्हणून येथे एवढेच पुरे.

महार आणि मांग समाजातील मुलामुलींसाठी निराळ्या शाळा निघाल्या. निराळ्या, कारण इतर शाळांत त्यांना प्रवेशच नव्हता. या शाळांमध्ये काय शिकवले जात होते याचा उत्तम पुरावा पाठ्यपुस्तकांत शोधण्यापेक्षा एका विद्यार्थिनीच्या लेखणीत शोधावा. मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ने १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर ज्यांना कोणताच ग्रंथ नाही त्या आम्ही धर्मरहित ठरतो, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल आहे. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल, भूक, हे ती थेट लिहिते आणि अखेरीस आपल्या बांधवांना ज्ञानाचे औषध घेण्यास सांगते. हे लेखन तीन-एक वर्षे शाळेत बसलेल्या मुलीचे आहे. अक्षरे गिरवून घेणाऱ्या शाळेतून असा निबंध निघत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याबरोबर स्वतः प्रश्न विचारण्याची मुभा त्या वर्गात असली पाहिजे, हे अनुमान सहज निघते.

आता नायगावच्या पत्राचा उरलेला भाग. भाऊ प्रेमळ होता, पण त्याचे मत आड येत होते. तू आणि तुझा नवरा वाळीत पडला आहात, महार-मांगांसाठी करता ते कुळाला काळिमा आहे, असे त्याने बहिणीला सुनावले. सावित्रीबाई अंथरुणातून नुकत्या उठलेल्या, त्याच्याच घरी राहणाऱ्या. तरी त्यांनी त्याला उत्तर दिले. पशूंना तुम्ही जवळ करता, नागपंचमीला सापाला दूध पाजता, मग माणसांनाच अस्पृश्य का मानता, असा त्यांचा युक्तिवाद होता. भावाने तो ऐकला आणि त्याला पश्चात्ताप झाला, असे त्या लिहितात. आठ वर्षे शिकवल्यानंतर ही शिक्षिका आजारपणाच्या रजेतही शिकवणे थांबवू शकत नव्हती, आणि वर्गातला सर्वांत अवघड विद्यार्थी घरातच होता.

१८५७ च्या उठावानंतर युरोपीय देणगीदारांचा हात आखडला. जोतीराव आणि सावित्रीबाई या शाळांच्या व्यवस्थेतून हळूहळू दूर झाले. पुढचा हिशेब जोतीरावांनी स्वतःच मांडला, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात. १९ ऑक्टोबरची तारीख असलेले हे निवेदन आजही कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने वाचावे असे आहे. नऊ-दहा वर्षे काम करून आपण या शाळांतून बाहेर पडलो, असे ते सांगतात. मुलींच्या शाळा समितीने शिक्षण खात्याकडे सोपवल्या होत्या आणि मिसेस मिचेल यांच्या देखरेखीखाली त्या चालू होत्या. महार-मांगांची एक शाळा अजून होती, पण तिची स्थिती समाधानकारक नव्हती. पाच हजारांवर महार-मांग वस्ती असलेल्या या शहरात त्यांच्या एकमेव शाळेत तीसही मुले नव्हती.

हे कसे घडले याचे कारण त्यांनी शिक्षकात शोधले. पगार इतका कमी की चांगला माणूस त्या कामाला येत नाही. येतो तो बहुधा उच्च जातीतला, विद्यार्थ्यांच्या घरांपासून अंतर राखणारा. म्हणून शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावा, त्याला गरज पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरता यावी, त्याला रीतसर प्रशिक्षण मिळावे आणि पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा, अशा सूचना त्यांनी केल्या. गरिबांची मुले टिकावीत म्हणून हजेरीवर बक्षिसे द्यावीत असेही सुचवले. शिक्षिकेच्या विनावेतन सेवेवर उभी राहिलेली शाळा चालवून पाहिलेल्या माणसाने शिक्षकाच्या पगाराचा आकडा सरकारपुढे इतक्या नेमकेपणाने ठेवावा, यात आश्चर्य नाही.

त्या निवेदनात सावित्रीबाईंचा उल्लेख एका वाक्यात आहे. मी आणि माझी पत्नी या शाळेत अनेक वर्षे काम करीत होतो, असे ते वाक्य. नाव नाही. तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि पुण्यातच राहत होत्या. आयोगापुढे त्यांची साक्ष झाली नाही.